पेटी पळणीला निघाली

गेल्या महिन्यात एका गावच्या वाचनालयाच्या छपरावरून मी वायफायची एक जुनी पेटी उतरवली. चढवली होती मीच, त्यामुळे उतरवायचा मानही माझाच. गावात आता टॉवर उभा राहिलाय, घरोघरी फायबरची तार गेलीय, पेटीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. पांढरा रंग पिवळा पडलेला, मागच्या बाजूला गांधीलमाश्यांनी घर केलेलं. या वयात बाईने शिडीवर चढू नये असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे, पण शिडी धरायला येतो तोच. वाचनालयवाले म्हणाले, "मंदाबाय, भंगारात टाका." मी हो म्हटलं, पेटी पिशवीत घातली आणि मालवणला घरी घेऊन आले. पुसली, फडताळात ठेवली. नवऱ्याने विचारलं, "तिची काय आता पूजा करतलंस?" उत्तर लांबलचक होतं, आणि त्याची जेवायची वेळ झाली होती. म्हणून ते इथे लिहिते आहे.

माझा धंदा लोकांना एकमेकांशी बोलायची सोय करून देण्याचा. आधी मालवणच्या बाजारात एसटीडीचा बूथ होता. काचेची खोली, आत एक चिमुकला पंखा, आणि आखातातल्या मुलापर्यंत आवाज आपल्याच छातीच्या जोरावर पोचतो अशा समजुतीने ओरडणाऱ्या आया. अर्ध्या तालुक्याच्या गजाली मी न ऐकण्याचं नाटक करत ऐकल्या आहेत. बूथ गेले, संगणक आले, मग वायफाय आलं. मी शिकत गेले, कारण दुसरं काही मला येत नव्हतं आणि शिवणकामाचा मला भयंकर कंटाळा. पुढे लोक मला 'वायफायवाली बाय' म्हणू लागले. तारा ओढायच्या, पेट्या बसवायच्या, आणि मुख्य म्हणजे पेटीला दार लावून द्यायचं, हे माझं काम.

धंद्याबाहेरच्यांसाठी हे दार जरा समजावून सांगते. पेटीतून नेट हवेत सुटतं आणि हवेला भिंती नसतात. शेजाऱ्याच्या पडवीतही ते पोचतं, रस्त्यावरच्या गाडीतही. त्याला पासवर्डचं कुलूप असतं हे खरं, पण पासवर्ड गुप्त ठेवणं हे आमच्या स्वभावात बसत नाही. धामापूरला तळ्याजवळ एक आजी घरगुती निवास चालवत. त्यांनी पासवर्ड म्हणून आपल्या गाईचं नाव ठेवलं, का तर विसरायला होणार नाही. झालं काय, की रोज तिन्हीसांजेला आजी परसात उभ्या राहून गाईला नावाने हाका मारायच्या आणि पलीकडच्या वाडीतली पोरं ती हाक ऐकून फोन उघडायची. पासवर्ड बदला म्हटलं तर आजी म्हणाल्या, "गो बाय, आता गायचा नाव कसा बदलू? ती येवची नाय."

अशा ठिकाणी पत्त्याची चाळणी लावावी लागते. प्रत्येक फोनला, संगणकाला कारखान्यातूनच एक पत्ता मिळालेला असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांचा. पेटीला सांगून ठेवायचं की अमुक पत्तेवाल्यांनाच आत घे. याच्या उलटही करता येतं: सगळ्यांना घे, फक्त हे चारजण नकोत. म्हणजे पहिल्या प्रकारात आमंत्रण असेल त्यालाच पान, आणि दुसऱ्यात गावजेवण, पण अमक्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. त्यात फोनही शहाणे झालेत. प्रत्येक ठिकाणी ते आपला खरा पत्ता न सांगता बनावट पत्ता पुढे करतात. त्याला 'खाजगी पत्ता' म्हणतात. तो बंद केल्याशिवाय फोनची खरी ओळख पटत नाही.

दुसरी चाळणी वाहतुकीची. आत आलेल्याने काय न्यायचं, काय नाही, आणि कोणत्या वेळी. बोलणं हलकं असतं, सिनेमा जड. एकाच पाइपातून सगळं येतं, त्यामुळे चौघं सिनेमा बघायला बसले की पाचव्याचं बोलणं अडकतं. मग सिनेमा थांबवायचा की बोलणं, हे कोणीतरी ठरवावं लागतं.

हे काम वाटतं तेवढं साधं नाही. ओरोसच्या एका कार्यालयात मी मोठ्या रुबाबात यादी भरली, सगळ्यांचे पत्ते तपासून घेतले, 'फक्त यादीतलेच' हे बटण दाबलं, आणि पेटीने पहिलं बाहेर काढलं ते मलाच. माझ्या लॅपटॉपचा पत्ता मी घातलाच नव्हता! सगळं कार्यालय काम सोडून माझ्याकडे बघत होतं. पेटी मूळ स्थितीला आणायला तिच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यात टोचायला काहीतरी हवं. शेवटी पदराची सेफ्टी पिन काढली, एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने टोचली आणि सगळी यादी पहिल्यापासून भरली. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये दोन पिना जास्तीच्या असतात.

आता ज्या गावातून पेटी आणली तिकडे येते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. माडांच्या आत दडलेलं गाव. तेव्हा तिथे मोबाइलला रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळाच्या पठारावर. फोन करायचा तर घाटी चढून जायचं. गावच्या मुंबईकरांनी मिळून वाचनालयाला नेट घेऊन दिलं आणि मी छपरावर पेटी बसवली. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात जत्रा लोटली होती. पुस्तकं कोणी उघडली नाहीत, पण वाचनालयात एवढी माणसं कधी आली नव्हती, असं ग्रंथपाल डोळ्यात पाणी आणून सांगत होता.

वाचनालय समितीचे अध्यक्ष होते दाजी. मुंबईत नोकरी करून परत आलेले, शिस्तीचे, आणि गावच्या भजनाचे बुवा. आवाज असा की माइक लावायची गरज नाही. पुढे पर्यटकांना आणि शेजारगावच्या पोरांना पासवर्ड कळला, नेट मुंगीच्या पावलाने चालायला लागलं, तेव्हा दाजींनी मला बोलावून घेतलं.

"मंदाबाय, हे पेटयेक दार लाव. गावच्या माणसाक मिळना नाय आणि पावणे पिक्चर बघतत."

मी घरोघर फिरून खाजगी पत्ते बंद करायला सांगितले आणि फोनांचे खरे पत्ते टिपून घेतले. दाजी माझ्याबरोबर होते. त्यांच्या स्वतःच्या घरानंतर लागूनच एक घर होतं, मधे हिरवी वई, म्हणजे झाडोऱ्याचं कुंपण, घातलेली. मी तिकडे वळले तर दाजी म्हणाले, "थंय नको."

"कित्याक?"

"थंय नको म्हटलंय मां?"

ते घर जनाकाकींचं. जनाकाकी म्हणजे दाजींच्या थोरल्या भावाची बायको, सख्खी भावजय. भाऊ वारले होते. पूर्वी दोन्ही घरांचं अंगण एकच होतं. एका मे महिन्यात दाजींचा आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो काकींच्या अंगणातून जाताना त्यांच्या तुळशीचा कट्टा फुटला. काकी म्हणाल्या, बांधून द्या. दाजी म्हणाले, वाटेत बांधलाच कशाला होता. शब्दाने शब्द वाढला, काकींनी वई घालून वाट बंद केली, आणि दोन्ही घरांत बोलणं थांबलं. दाजी त्यानंतर काकींचं नावही घेत नसत. 'त्या घरात' एवढंच म्हणत.

काकींना एकच मुलगा, महेश. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. भांडणाआधी सुट्टीवर आला की तोच दाजींच्या भजनात पखवाजावर बसायचा. पखवाज त्याला शिकवला दाजींनीच, मांडीवर बसवून, त्याची इवलीशी बोटं हातात धरून. ही गोष्ट मला गावातल्या प्रत्येकाने वेगवेगळी सांगितली आहे.

चाळणी लावल्यावर काही दिवसांनी काकी मला वाचनालयापाशी भेटल्या. फोन पदराखालून काढला.

"बाय, माज्या फोनाक काय झाला गो? नाव दिसता, पण लागना नाय."

मी खरं ते सांगितलं. आडपडदा ठेवून काय उपयोग होता? काकींनी ऐकून घेतलं. "तेना सांगल्यान?" एवढंच विचारलं, मी मान हलवली, तर म्हणाल्या, "बरा." आणि सड्याची घाटी धरली. गुडघे दुखत होते त्यांचे. दर चार पावलांनी थांबत होत्या.

महिन्याभरात त्यांना दुसरी काळजी लागली. महेशने सड्यावरच्या फोनवर सांगितलं की जहाजावर एका लोखंडी दारात त्याचा हात सापडला. "काय नाय गे आये, पट्टी बांधलेली आसा." आता आईला मुलगा 'काही नाही' म्हणाला की काय वाटतं हे बूथवर बसून मी पुष्कळ पाहिलंय. काकींना तो हात बघायचा होता. सड्यावर आवाज यायचा, चित्र येत नसे. चित्रासाठी वायफाय लागतं. महेशचं जहाज देवदिवाळीनंतर एका बंदराला लागणार होतं, तिथून तो फोन करणार होता, आणि त्यानंतरचा प्रवास फार लांबचा.

मी दाजींकडे गेले. हाताचं सांगितलं. पखवाजाकडे त्यांची नजर गेल्यासारखी मला वाटली. मग म्हणाले, "तिना माजी वाट बंद केल्यान. मी तिची केलंय. फिटांफीट." दुसऱ्यांदा गेले तेव्हा तर म्हणाले, "तू पेटी बघ, यादी समिती बघतली."

कोणी म्हणेल, किल्ली तुझ्याच हातात होती, घालायचास गुपचूप एक पत्ता. मनात आलं नाही असं नाही. पण आज मी माझ्या मर्जीने एकाला आत घेतलं, तर उद्या माझ्याच मर्जीने कोणाला तरी बाहेर काढीन, आणि मग मला कोणी आपल्या छपरावर चढू देऊ नये. हा धंदा विश्वासाचा आहे. तरीही काकींना घाटी चढताना बघून जीव तुटायचा. दाजींचा मला राग यायचा, आणि तोच माणूस भजनात उभा राहिला की तो राग टिकत नसे. याचाही राग यायचा.

देवदिवाळी आली आणि त्या वर्षी देवाने गावपळणीचा कौल दिला.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे काही गावांत काही वर्षांनी ही रीत पाळतात. ग्रामदेवतेने कौल दिला की अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस गावात माणूस नाही, चूल नाही, दिवा नाही. त्या दिवसांत गाव देवाचं. माणसं शिवेपलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधून राहतात, एकत्र रांधतात, भजनं म्हणतात, आणि देवाने परत कौल दिला की घरी येतात. भुताखेतांच्या गोष्टी ज्यांना सांगायच्या आहेत त्यांनी सांगाव्यात. मला त्यात दिसते ती वर्षानुवर्षं एकमेकांकडे पाठ करून राहिलेली माणसं एका पाणवठ्यावर भांडी घासताना.

निघायच्या आदल्या दिवशी देवळात बैठक झाली. मलाही बोलावणं होतं, कारण प्रश्न निघाला होता की पेटीचं काय करायचं. गावचे सगळ्यात वयस्क मानकरी, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मला समोर बसवून चौकशी सुरू केली.

"ती आवाज करता?"

"नाय, आबानू."

"दिवो पेटता?"

"होय. बारीक. निळो."

"रातभर?"

"रातदिस."

आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "दिवो पेटता म्हणजे गावात रवाची नाय." कोणीतरी म्हणालं, नुसतं बटण बंद करूया. त्यावर तरण्या मंडळींनी असा काही गलका केला, की तीन दिवस वायफायशिवाय राहायचं म्हणजे काय ते जणू देवालाच विचारावं. शेवटी ठरलं, गुरांकोंबड्यांबरोबर पेटीही पळणीला न्यायची. आबा म्हणाले, "पण एक सांगतंय मंदा. थंयसून तिचो वारो गावात येता नये. शीव ओलांडता नये."

असं काम मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. पेटीची पोच वाढवून द्या, असंच जो तो म्हणतो. पोच कमी करून, मोजून मापून शिवेपाशी थांबवा म्हणणारे आबा एकटेच.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला आणि गाव निघालं. डोक्यावर भांडी, काखेत कोंबड्या, आणि माझ्या काखेत पेटी. शिवेपलीकडच्या गावातल्या दुकानदाराकडून नेटची लांबलचक तार ओढून घेतली होती, वीजही त्याचीच. माळावरच्या एका ऐनाच्या झाडाला मी पेटी बांधली, तिची पाठ गावाकडे आणि तोंड खोपींकडे. जोर कमीत कमी केला. मग फोन हातात धरून शिवेच्या दगडापर्यंत चालत गेले, परत आले, आणखी कमी केला, परत गेले. आबा काठी टेकत माझ्या मागोमाग. दगडापाशी फोनवरचं वायफाय गेलं तेव्हा ते म्हणाले, "आता बरा." मला हसू आलं नाही. हे काम आपण नीट केलं याचा मला आजही अभिमान आहे.

झाडाखाली सगळ्यांचे फोन लागले. काकी जरा लांब, आपल्या खोपीच्या तोंडाशी फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पेटी हलली तरी तिच्या आतली यादी तीच होती. काकींनी कोणाला काही विचारलं नाही. पण आबांचं लक्ष गेलं.

"जने, तुजो फोन लागना नाय?"

काकींनी फोन पदराखाली घेतला. आबा माझ्याकडे वळले. "मंदा, पेटी बिघाडली?"

मी शिडीवर होते. खाली भजनाचे टाळ मोकळे करत बसलेले दाजी, आजूबाजूला सगळं गाव. म्हटलं, "नाय आबानू, पेटी बरी आसा. तिका दार लावलेला आसा."

"कोणी?"

दाजी म्हणाले, "समितीन."

आबांनी सगळ्या खोपींवरून काठी फिरवली. झावळ्यांचे आडोसे, पुढून सगळे उघडे. "पळणीत कोणाच्या घराक दार आसा काय रे, दाजी?"

दाजी टाळांची दोरी सोडवत राहिले.

"मगे हे पेटयेक कित्याक?"

टाळांची दोरी सोडवणारी दाजींची बोटं थांबली. मग मान वर न करता म्हणाले, "मंदाबाय, काढ."

मी चाळणी बंद केली. आतापर्यंत मी शेकडो पेट्यांना दारं लावली, पण काढल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

दार काढलं म्हणजे मग सगळेच आले. पळण बघायला आलेले पाहुणे, दुकानदाराची पोरं, रस्त्याने जाणारे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता, आणि जिकडे बघावं तिकडे पाच पाच डोकी एका फोनवर. एका बाजूला दाजींचं भजन सुरू झालं होतं. तेवढ्यात काकींचा फोन वाजला.

"आये!" महेशचा आवाज आला आणि पडद्यावर त्याचं अर्धं तोंड उमटून तिथेच थिजलं.

"हात दाखय रे," काकी म्हणाल्या. "महेशा, हात दाखय." चित्र हलेना. आवाज तुटत होता, "आये, ऐकाक येता?" एवढंच मधूनमधून. काकी फोन वर धरून झाडाच्या दिशेने चालायला लागल्या, जणू चार पावलांनी फरक पडणार होता. "माका हात बघूक व्हयो," त्या फोनला सांगत होत्या, की मला, कोणास ठाऊक.

मी तांदळाच्या गोणीवर लॅपटॉप उघडला आणि वाहतुकीची चाळणी लावली. सामना बंद, सिनेमे बंद, बोलणं तेवढं चालू. माळभर एकच ओरडा उठला, "वायफाय गेलाऽ! मंदाबाय!" मी म्हटलं, "गप रवा मेल्यांनो!" आणि काकींच्या फोनवर महेशचं तोंड पूर्ण झालं.

त्याने हात वर केला. पट्टी सुटलेली होती. काकींनी फोन डोळ्यांजवळ नेला. पाची बोटं होती. करंगळी वाकडी झालेली, तिच्यावर काळी खूण. काकींनी पडद्यावरच्या त्या करंगळीवरून अंगठा फिरवला. त्यामुळे काहीतरी भलतंच बटण दाबलं गेलं आणि मी ते घाईने निस्तरलं.

"आये, टाळ वाजतत ते? भजन आसा?"

"होय."

"काका हत?"

काकींनी फोन वळवला आणि हात लांब करून दाजींच्या समोर धरला. किती वर्षांनी त्या दाजींच्या इतक्या जवळ उभ्या होत्या. अभंग अर्ध्यावर थांबला.

दाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "बोटा हलतत, महेशा?"

"हलतत, काका."

"ठेको धर बघू."

जहाजावरच्या कुठल्यातरी टेबलावर महेशने हात ठेवला आणि बोटं चालवली. लाकडाचा बारीक आवाज त्या फोनमधून यायला लागला. दाजींनी टाळ उचलले आणि सोडलेला अभंग तिथूनच धरला. सामना गेला म्हणून माझ्या अंगावर धावून आलेली पोरं तिथेच खाली बसली. काकींचा हात भरून आला तेव्हा आबांच्या सुनेने खालून कोपराला आधार दिला. अभंग संपला.

"करंगळी मागे रवता," दाजी म्हणाले. "रोज हात फिरवत जा."

"होय, काका."

"ऐकतंस मां?" म्हणता म्हणता दाजींचा तो माइक नको असलेला आवाज कुठल्या कुठे गेला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, आणि मग तेच उपरणं बराच वेळ तोंडावर धरून बसले. मी लॅपटॉपकडे बघत होते, पण मला अक्षरं दिसत नव्हती.

देवाने कौल दिला, गाव परत गेलं, पेटीही आपल्या छपरावर गेली. ती बसवून मी खाली उतरले तर दाजी वाचनालयाच्या पायरीवर उभे.

"मंदाबाय, दार लावक व्हया. पावणे परत येतले."

"तीच यादी?" मी विचारलं. खोटं कशाला सांगू, माझा आवाज जरा चढलेलाच होता.

या साऱ्याला काही वर्षं झाली. आबा गेले. जनाकाकी गेल्या वर्षी गेल्या, खांदा दिला तो महेशने आणि दाजींनी. दाजी आता भजनाला बसल्या जागेवरून गातात. वई कधीच काढून टाकलीय, तुळशीचा कट्टा बांधून झालाय, आणि टेम्पोची वाट दाजींनी स्वतःच्या बागेतून घेतली. पेटी तेवढी माझ्या फडताळात आहे. तिला वीज दिली तर निळा दिवा अजून लागतो.

त्या दिवशी पायरीवर दाजींनी माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून सदऱ्याच्या खिशातून एक फोन काढून माझ्यापुढे धरला. कोपरा फुटलेला, काकींचा फोन मी दहा फोनांत ओळखला असता.

"ह्यो पण घाल. तो बनावट पत्तो बंद करून हाडलंय. तू सगळ्यांका सांगलेलंस, तसोच."

"तुमी केलास? खंय बसान?"

"खंय म्हणजे? तिच्या पडवेक." आणि लगेच, "चाय घेतलंय थंयच."

यादीत प्रत्येक पत्त्यासमोर एक नाव लिहायची जागा असते. बाकीच्यांची मी घरांची नावं लिहिली होती, वरचं घर, चाफ्याकडचं घर, अशी. पत्ता घातला आणि विचारलं, "नाव काय लिहू, दाजीनू?"

"वैनी."

"गावात वैन्या खूप आसत. कोणाची वैनी म्हणान लिहू?"

"माजी म्हणान लिही," दाजी म्हणाले, आणि मी लिहिते की नाही ते बघायला चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्या शेजारी वाकले.